मूल हवे असताना योगाभ्यास: कोकणातील जोडप्यांसाठी तीन महिन्यांचा मार्ग

लग्नाला काही वर्षे झाली, प्रयत्न चालू आहेत आणि पाळी मात्र दर महिन्याला येतेच आहे, अशा जोडप्याला योग करून पाहण्याचा सल्ला कोणी ना कोणी देतेच. आपल्याकडे हा सल्ला बहुतेक वेळा एकट्या बाईला दिला जातो आणि योगाने काय साधते, काय साधत नाही, हे देणाऱ्यालाही ठाऊक नसते. म्हणून आरंभीच स्पष्ट लिहितो की, आसनांनी बंद गर्भनलिका उघडत नाही, वाढते वय थांबत नाही आणि वीर्यात शुक्राणू मुळीच नसतील तर ते प्राणायामाने निर्माण होत नाहीत. मात्र नियमित अभ्यासाने झोप सुधारते, वजन आणि इन्शुलिनचा बिघाड आटोक्यात येण्यास मदत होते, ओटीपोटाच्या स्नायूंचा ताठरपणा कमी होतो, आणि महिन्यामागून महिने चालणारे प्रयत्न किंवा उपचार सोसण्याचे बळ दोघांनाही मिळते. एवढे मिळवण्यासाठी काय करावे, कोणत्या क्रमाने करावे आणि कुठे थांबावे, ते पुढे सांगितले आहे.

पहिली पायरी: चटई अंथरण्याआधी तपासणी

नियमित शरीरसंबंध असूनही एक वर्षात दिवस राहिले नाहीत, तर दोघांनीही तपासणी करून घ्यावी. स्त्रीचे वय ३५ च्या पुढे असेल तर वर्षभर न थांबता सहा महिन्यांनी करावी. पाळी दोन-दोन महिने येत नसेल, पाळीत असह्य वेदना होत असतील, पूर्वी क्षयरोग होऊन गेला असेल किंवा पुरुषाच्या अंडकोषावर शस्त्रक्रिया झालेली असेल, तर तेवढेही थांबू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगातील साधारण दर सहा प्रौढांपैकी एकाला आयुष्यात कधी तरी वंध्यत्वाला सामोरे जावे लागते. यात लाज वाटण्यासारखे काही नाही आणि हे दुर्मीळही नाही.

वीर्यतपासणी सर्वांत आधी व्हावी, असे माझे ठाम मत आहे. ती स्वस्त आहे, तिच्यात वेदना नाहीत, आणि मूल न होण्याच्या जवळपास निम्म्या प्रकरणांत पुरुषाकडील कारणाचा पूर्ण किंवा काही वाटा असतो. तरीही बाईच्या सोनोग्राफ्या, रक्ताच्या तपासण्या आणि गर्भनलिकांचे एक्स-रे होऊन जातात आणि नवऱ्याची ही एक तपासणी वर्ष-वर्ष राहून जाते. तपासणीआधी दोन ते सात दिवस वीर्यस्खलन झालेले नसावे आणि अहवालात दोष आढळल्यास काही आठवड्यांनी ती पुन्हा करावी, कारण एका अहवालावरून निष्कर्ष काढता येत नाही. स्त्रीच्या बाबतीत थायरॉइड, रक्तातील साखर आणि हिमोग्लोबिन, बीजांडकोशांची सोनोग्राफी आणि गर्भनलिका मोकळ्या आहेत की नाहीत याची तपासणी हा सामान्य क्रम आहे. आपल्या देशात जननमार्गाचा क्षयरोग हे गर्भनलिका बंद होण्याचे महत्त्वाचे कारण आहे. तो अनेकदा खोकला किंवा ताप न देता आत वाढत राहतो आणि त्यावरचा उपाय औषधे हाच आहे.

रत्नागिरी-सिंधुदुर्गातील पुष्कळ जोडप्यांना पुढच्या उपचारांसाठी घाट चढून कोल्हापूरला, नाही तर मुंबई किंवा गोव्याला जावे लागते. त्या खर्चाच्या आणि प्रवासाच्या धास्तीने ‘आधी सहा महिने योग करून बघू, मग जाऊ’ असे ठरवले जाते. पस्तिशीच्या पुढच्या स्त्रीसाठी ते सहा महिने फार मोलाचे असतात. तपासणी आणि अभ्यास एकाच महिन्यात सुरू करावेत.

योगाचा परिणाम कितपत, याविषयी

योगाचे परिणाम मोजून पाहण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. योगेंद्रजींनी १९१८ मध्ये वर्सोव्याच्या किनाऱ्यावर योगसंस्था सुरू केली आणि स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापून योगक्रियांचे प्रयोगशाळेत परीक्षण आरंभले. त्याच चिकित्सक वृत्तीने या विषयाकडे पाहिले पाहिजे.

मेंदूतील हायपोथॅलॅमस हा भाग ठरावीक लयीने संदेश सोडतो, त्या संदेशांवर पिट्युटरी ग्रंथी चालते आणि तिच्या संप्रेरकांवर बीजांडकोश किंवा वृषण चालतात. तीव्र ताण, उपासमार किंवा अतिव्यायाम यांनी ही लय मंदावते आणि कधी कधी पाळीच बंद पडते, हे वैद्यकशास्त्राला नीट माहीत आहे. यावरून ‘ताण घेतल्यामुळेच मूल होत नाही’ असा अर्थ मात्र काढता येत नाही. २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये १४ अभ्यासांचे आणि ३,५८३ स्त्रियांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले, त्यात उपचारांआधीच्या मानसिक ताणाचा आयव्हीएफसारख्या (स्त्रीबीज शरीराबाहेर फलित करण्याच्या) उपचाराच्या एका फेरीतील यशावर परिणाम आढळला नाही. दुसऱ्या बाजूला, अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ ॲलिस डोमर यांनी २००० मध्ये १८४ स्त्रियांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात मन-शरीर कार्यक्रमात आलेल्यांपैकी ५५ टक्के, आधारगटातील ५४ टक्के आणि कशातच नसलेल्यांपैकी २० टक्के स्त्रियांना वर्षभरात टिकणारी गर्भधारणा झाली. पण त्या अभ्यासातून मध्येच गळालेल्या स्त्रियांची संख्या मोठी होती, त्यामुळे या आकड्यांवर फार भार टाकू नये. मला त्यातील दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटते, ती अशी की, नुसत्या एकत्र बसून बोलणाऱ्या गटालाही जवळजवळ तेवढाच लाभ झाला.

पीसीओएस, म्हणजे संप्रेरकांच्या (हार्मोन्सच्या) बिघाडाने बीज वेळेवर न सुटण्याचा आणि पाळी लांबण्याचा विकार, याच्या बाबतीत आधार अधिक बळकट आहे. आंध्र प्रदेशातील १५ ते १८ वयाच्या ९० मुलींवर झालेल्या अभ्यासात १२ आठवडे रोज तासभर योग करणाऱ्या गटाची संप्रेरके आणि चिंतेची पातळी, साधा व्यायाम करणाऱ्या गटापेक्षा अधिक सुधारली. दिल्लीच्या एम्समधील काही छोट्या अभ्यासांत योग आणि ध्यान करणाऱ्या पुरुषांच्या शुक्राणूंमधील डीएनएची हानी कमी झालेली दिसली. या निष्कर्षांत आशेला जागा आहे, परंतु अमुक आसन केल्याने मूल होतेच, असे त्यांत कुठेही म्हटलेले नाही.

एक वाक्य घराघरांतून बंद झाले पाहिजे: ‘तू विचार करणं सोड, मग आपोआप राहील.’ ज्या बाईला हे ऐकवले जाते, तिच्यावर मूल न होण्याबरोबरच शांत न राहिल्याचाही दोष येतो. योग तिला हा आणखी एक दोष देण्यासाठी वापरला जाऊ नये.

दुसरी पायरी: तीन महिने, जागा आणि वेळ

शुक्राणू तयार होण्यास सुमारे ७४ दिवस लागतात आणि स्त्रीबीजाच्या वाढीचे शेवटचे टप्पेही साधारण तीन महिन्यांचे असतात. म्हणून आज केलेल्या बदलाचा परिणाम तीन महिन्यांनी पाहावा. दोन आठवड्यांत काही झाले नाही म्हणून सोडू नये. आठवड्यातून पाच दिवस, रोज ४० ते ४५ मिनिटे एवढा अभ्यास पुरेसा आहे.

सकाळी शौचास जाऊन आल्यावर, रिकाम्या पोटी अभ्यास करणे उत्तम. पण गुरे, पाणी, डबे आणि सकाळची एसटी यांच्या गडबडीत ते जमत नसेल, तर जेवणानंतर तीन-साडेतीन तासांनी, दिवेलागणीच्या आधी करावा. पावसाळ्यात जमिनीला ओल येते, तेव्हा चटईखाली जाड सतरंजी किंवा घोंगडी घालावी आणि हवा खेळती असेल अशी पडवी निवडावी. मे महिन्यातील घामाघूम दुपारी, पत्र्याच्या छपराखाली जोरकस अभ्यास करू नये. दोन उशा, एक लोड, एक घडी केलेली गोधडी आणि एक मोकळी भिंत, एवढे साहित्य लागते.

शेतात राबणाऱ्या बाईसाठी वेगळा विचार करावा लागतो. लावणीच्या दिवसांत ती सकाळपासून चिखलात वाकलेली असते; तिला पुढे वाकण्याच्या आसनांची गरज नाही आणि सूर्यनमस्कारांचीही नाही. तिने त्या पंधरवड्यात संध्याकाळी केवळ मकरासन (पालथे पडून विसावा), सेतुबंध, भिंतीला पाय लावून विसावा आणि योगनिद्रा एवढेच करावे. दिवसभर दुकानात, बँकेत किंवा शिवणयंत्रापुढे बसणाऱ्या स्त्रीला मात्र उभ्या हालचालींची आणि अर्धा तास भरभर चालण्याची फार गरज असते.

तिसरी पायरी: रोजचा क्रम

*श्वास.* पाठीवर झोपून गुडघे उभे ठेवा, एक हात छातीवर आणि एक बेंबीखाली ठेवा. श्वास घेताना खालचा हात वर यावा आणि वरचा शक्यतो स्थिर राहावा. चार अंक मोजत श्वास आत, सहा अंक मोजत बाहेर, अशा दहा सेकंदांच्या श्वासाने मिनिटाला सुमारे सहा श्वास होतात. पाच मिनिटे हेच करावे. दम लागल्यासारखे वाटले तर तीन आणि चार असे अंक धरावेत. या श्वासाबरोबर ओटीपोटाचा तळ, म्हणजे लघवी रोखताना जे स्नायू आवळले जातात ते, श्वास घेताना खाली सैल सोडण्याचा सराव करावा. ज्या स्त्रियांना संबंधाच्या वेळी वेदना होतात, त्यांच्यासाठी या क्रमातील हा सर्वांत उपयोगाचा भाग आहे. वेदनेच्या भीतीने हे स्नायू आधीच आवळले जातात आणि आवळल्यामुळे वेदना आणखी वाढते. तीन-चार आठवडे रोज सैल सोडण्याची सवय लागली की पुष्कळ फरक पडतो. न पडल्यास स्त्रीरोगतज्ज्ञांना मोकळेपणाने सांगावे, कारण एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढण्याचा आजार) किंवा जंतुसंसर्ग हेही कारण असू शकते.

*सांधे मोकळे करणे.* मान, खांदे, घोटे आणि कंबर यांच्या हलक्या हालचाली तीन मिनिटे पुरेत.

*मार्जारासन.* हात आणि गुडघे टेकून श्वास घेताना पाठ खाली व छाती पुढे, सोडताना पाठ वर व हनुवटी आत, असे श्वासाच्या गतीने आठ-दहा वेळा करावे. गुडघ्यांखाली गोधडी घ्यावी. त्यानंतर टाचांवर बसून कपाळ उशीवर टेकवावे, म्हणजे शशांकासन झाले. पोट दाबले जाऊ नये म्हणून गुडघे एकमेकांपासून लांब ठेवावेत आणि त्या स्थितीत एक मिनिट थांबावे.

*बद्धकोनासन.* भिंतीला पाठ लावून, घडी केलेल्या गोधडीवर बसावे, पायांचे तळवे एकमेकांना जुळवून टाचा जमतील तेवढ्या जवळ आणाव्यात आणि गुडघे बाजूला सोडावेत. हातांनी गुडघे दाबू नयेत. फुलपाखराप्रमाणे भराभर गुडघे आपटण्याची पद्धत अनेक ठिकाणी शिकवतात. तिने जांघेचे स्नायू सैल होण्याऐवजी बचावासाठी आवळतात, म्हणून ती मला मान्य नाही. गुडघे वर राहत असतील तर त्यांच्याखाली उशा ठेवून दोन-तीन मिनिटे शांत बसावे.

*सेतुबंध.* पाठीवर झोपून, पाय कमरेच्या रुंदीएवढे अंतर ठेवून टेकवावेत आणि श्वास घेत कंबर उचलावी. तीन श्वास थांबून सावकाश मणका-मणका टेकवत खाली यावे. असे चार-पाच वेळा करावे. कंबर दुखत असेल तर कमरेखाली लोड देऊन नुसते विसावावे.

*उभी आसने आणि सूर्यनमस्कार.* वजन वाढलेले असेल किंवा पीसीओएस असेल, तर हा भाग वगळू नये. त्या स्त्रीला सौम्य आसनांइतकीच दमछाक होण्याचीही गरज आहे. तीन नमस्कारांपासून आरंभ करून महिनाभरात आठ ते बारापर्यंत जावे. आपल्या शरीरबांध्यासाठी २३ च्या वरचा बीएमआय (उंचीच्या प्रमाणात वजनाचा आकडा) जास्त धरला जातो, आणि पीसीओएसमध्ये वजन पाच ते दहा टक्के जरी उतरले तरी अनेकींची पाळी व बीजनिर्मिती रुळावर येते. याउलट वजन मुळातच कमी असेल, जेवण तुटपुंजे असेल आणि पाळी लांबत असेल, तर नमस्कार कमी करून जेवण वाढवावे.

*सुप्त बद्धकोनासन.* लोड मणक्याच्या रेषेत ठेवून त्यावर पाठ टेकावी, डोक्याखाली उशी घ्यावी, पायांचे तळवे जुळवून गुडघ्यांना दोन्ही बाजूंनी आधार द्यावा आणि हात मोकळे सोडून पाच ते आठ मिनिटे पडून राहावे. लोडाचे टोक कमरेच्या थोडे वर, पाठीच्या खालच्या भागाला लागेल असे असावे; कमरेत कमान जास्त झाली तर लोडाऐवजी दुमडलेली गोधडी वापरावी.

*विपरीतकरणी, भिंतीच्या आधाराने.* एक कूस भिंतीला लावून बसावे आणि वळत-वळत पाय भिंतीवर न्यावेत, कमरेखाली घडीची गोधडी असावी. पाच मिनिटे पुरेत. रक्तदाब वाढलेला असेल किंवा काचबिंदू असेल तर पाय खुर्चीवर ठेवावेत. संबंधानंतर पाय वर करून पडून राहिल्याने गर्भधारणेची शक्यता वाढते, असे सिद्ध झालेले नाही. शुक्राणू काही मिनिटांतच गर्भाशयमुखाच्या स्रावात शिरतात. हे आसन विश्रांतीसाठी करावे, त्या कारणासाठी नव्हे.

*अनुलोम-विलोम आणि भ्रामरी.* पाच मिनिटे अनुलोम-विलोम (एका नाकपुडीने श्वास घेऊन दुसरीने सोडणे, मग उलट), श्वास न रोखता. त्यानंतर भ्रामरीची, म्हणजे भुंग्यासारखा गुंजारव करत श्वास सोडण्याची, सात-आठ आवर्तने. ज्यांना झोप लागत नाही त्यांनी भ्रामरी रात्री अंथरुणावर बसूनही करावी.

*योगनिद्रा.* शवासनात पडून, उजव्या हाताच्या अंगठ्यापासून डाव्या पायाच्या बोटांपर्यंत एकेका अवयवावर लक्ष नेत पंधरा मिनिटे घालवावीत. पहिले काही दिवस नवऱ्याने हळू आवाजात अवयवांची नावे उच्चारावीत आणि दुसऱ्या दिवशी तिने त्याच्यासाठी उच्चारावीत. विकत घेतलेल्या ध्वनिफितीपेक्षा हे मला कितीतरी चांगले वाटते. संकल्प करताना ‘मला मूल होवो’ असा करू नये, असे मी सांगेन. त्या संकल्पाची परीक्षा दर महिन्याला पाळीच्या दिवशी होते आणि विश्रांतीची जागा पुन्हा धाकाची होऊन बसते. ‘मी माझ्या शरीराशी मायेने वागेन’ यासारखा संकल्प प्रत्येक दिवशी पाळता येतो.

चौथी पायरी: पाळीच्या चक्राप्रमाणे बदल

पाळीच्या पहिल्या तीन-चार दिवसांत उलटी आसने, कपालभाती आणि पोटावर ताण देणाऱ्या क्रिया टाळाव्यात. आधाराची आसने, दीर्घ श्वास आणि योगनिद्रा चालू ठेवावी. या दिवशी अभ्यासासाठी मुद्दाम वेळ काढावा, कारण आशा मोडण्याचा दिवस हाच असतो. पाळी थांबल्यापासून बीज सुटेपर्यंत वरचा संपूर्ण क्रम, नमस्कारांसह करावा. बीज सुटल्यानंतर पुढची पाळी येईपर्यंत पोट आत ओढणाऱ्या उड्डियान बंध व नौलीसारख्या क्रिया, जोरकस कपालभाती, धनुरासनासारखा पोटावर भार देणारा अभ्यास आणि खोल पीळ सोडून द्यावेत. ही दक्षता परंपरेने सांगितलेली आहे आणि ती पाळण्यात तोटा काही नाही; पण एखादे आसन चुकून झाले म्हणून महिना वाया गेला, असे मुळीच मानू नये.

बीज सुटण्याचा दिवस कळणे आवश्यक आहे. तो साधारणपणे पुढच्या पाळीच्या १४ दिवस आधी येतो; म्हणजे २८ दिवसांच्या चक्रात १४ वा, तर ३४ दिवसांच्या चक्रात २० वा. अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा ताणला जाणारा पारदर्शक स्राव ही त्याची खूण आहे आणि औषधाच्या दुकानात लघवीवर तपासण्याच्या पट्ट्याही मिळतात. स्त्रीबीज १२ ते २४ तास टिकते, शुक्राणू पाच दिवसांपर्यंत टिकू शकतात. म्हणून बीज सुटण्याच्या आधीचे पाच दिवस आणि तो दिवस, असे सहा दिवस महत्त्वाचे.

कोकणात एक साधा प्रश्न या सहा दिवसांना आडवा येतो, तो म्हणजे नवरा घरी नसण्याचा. नवरा मुंबईला, बायको गावी, आणि तो येणार गणपतीला, शिमग्याला किंवा मे महिन्यात. अशा जोडप्याने ‘दोन वर्षे प्रयत्न’ केलेले असले तरी जुळून आलेले महिने मोजकेच असतात. डॉक्टरांना हे न सांगितल्यामुळे अनावश्यक उपचार सुरू होऊ शकतात. त्याची रजा सणाबरोबरच तिच्या चक्राकडे पाहूनही ठरवावी, किंवा तिने ते काही महिने मुंबईला जाऊन राहावे. घरातील वडीलधाऱ्यांनी यात अडथळा आणू नये. मच्छीमार कुटुंबांत १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात पुरुष घरी असतात. तपासण्या आणि दोघांचा एकत्र अभ्यास यांसाठी तो काळ उत्तम.

पाचवी पायरी: पुरुषाचा अभ्यास

वरचा क्रम पुरुषानेही करावा. त्याला चक्राचे बंधन नाही. वृषणांचे तापमान शरीरापेक्षा दोन ते चार अंशांनी कमी राहावे लागते. त्यामुळे बोटीच्या इंजिनाजवळ, भट्टीपुढे किंवा तासन्‌तास ट्रक चालवत काम करणाऱ्याने मधून-मधून उठणे, सैल सुती कपडे घालणे आणि मांडीवर लॅपटॉप न ठेवणे एवढे तरी पाळावे. आंब्याच्या बागेत मोहोरापासून फळापर्यंत फवारण्या चालतात आणि फवारणी करणारा पुष्कळदा उघड्या अंगाने, तोंडाला नुसता टॉवेल बांधून उभा असतो. कीटकनाशकांचा संबंध शुक्राणूंची संख्या व गुणवत्ता घटण्याशी जोडला गेलेला आहे. हातमोजे, मुखवटा, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि काम संपताच आंघोळ, हे मूल हवे असलेल्या माणसाने चुकवू नये. शक्य असेल तर त्या हंगामात हे काम दुसऱ्यावर सोपवावे.

ठरावीक दिवशी संबंध ठेवायचाच, या दडपणाने पुरुषाला लिंगताठरतेची अडचण येणे अगदी सामान्य आहे, परंतु तो ती कोणाला सांगत नाही आणि बायको ती नावड समजते. या सहा दिवसांत एक दिवसाआड संबंध पुरेसा असतो. त्या संध्याकाळी दोघांनी पाठीला पाठ लावून बसावे आणि दहा मिनिटे दीर्घ श्वसन करावे, एकमेकांचा श्वास पाठीला जाणवू द्यावा. त्यानंतर काही घडलेच पाहिजे, अशी अट ठेवू नये.

अन्न आणि तंबाखू

आहाराबद्दल थोडक्यात एवढेच लिहितो की, नाचणी, कुळीथ, डाळी, पालेभाज्या आणि बांगडा-तारलीसारखे लहान मासे हे आपले नेहमीचे जेवण चांगलेच आहे. भाताचा ढीग कमी करावा. मोरी आणि मोठी सुरमई यांत पारा अधिक साठतो, म्हणून ती क्वचितच खावी. गर्भधारणेच्या किमान एक महिना आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड, डॉक्टरांना विचारून, सुरू करावे. त्याच्या खिशातील तंबाखूची पुडी आणि तिची सकाळची मशेरी, ही दोन्ही बंद झाली पाहिजेत. मशेरीही तंबाखूच असते आणि तंबाखू दोघांच्याही प्रजननक्षमतेला घातक आहे.

सहावी पायरी: घर, गाव आणि मन

गणपतीत घर माणसांनी भरते, हळदीकुंकवाला बायका जमतात आणि ‘काय, गोड बातमी कधी?’ हा प्रश्न दहा तोंडांनी येतो. त्यासाठी आधीच एक वाक्य ठरवून ठेवावे आणि ते नवऱ्याने उच्चारावे: ‘आम्ही दोघं डॉक्टरांकडे जातोय, काही असेल तर आम्हीच सांगू.’ दोघं हा शब्द यात महत्त्वाचा आहे. प्रश्न आल्याच्या क्षणी छाती दाटून येते, तेव्हा दोन्ही पाय जमिनीवर घट्ट टेकवून, तीन लांब उच्छ्वास करून मगच उत्तर द्यावे. हा रोजच्या श्वासाच्या अभ्यासाचाच उपयोग आहे. ओटी भरण्यातून किंवा डोहाळजेवणातून मूल नसलेल्या बाईला वगळणाऱ्या घरांनी ते थांबवावे, आणि तिला जायचे नसेल त्या कार्यक्रमाला न जाण्याची मोकळीकही द्यावी.

ग्रामदेवतेला गाऱ्हाणे घालणे, नवस बोलणे हे आपल्याकडे चालत आलेले आहे आणि त्यातून मनाला आधार मिळत असेल तर त्याच्याशी योगाचे किंवा औषधांचे भांडण नाही. मात्र पोटावर डाग देणे, अनोळखी मुळ्या पोटात घेणे किंवा औषधे बंद करायला सांगणे, असे काही सुरू झाले की तेथून निघून यावे.

रोज झोपण्याआधी दहा मिनिटे, मनात आले ते वहीत लिहून काढावे आणि आठवड्यातून एकदा दोघांनी अर्धा तास केवळ या विषयावर बोलावे. उरलेल्या आठवड्यात तो विषय जेवणाच्या पाटावर आणू नये. वाडीतल्या किंवा शहरातल्या अशाच चार-पाच बायका एकत्र येऊन अभ्यास करत असतील तर फारच चांगले. सलग दोन आठवडे झोप-भूक उडाली, कशातच मन लागेना किंवा जीव नकोसा वाटू लागला, तर केवळ प्राणायामावर विसंबू नये. डॉक्टरांना भेटावे, किंवा शासनाच्या टेली-मानस सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन करावा.

उपचार चालू असताना

आयव्हीएफसाठी इंजेक्शने सुरू झाली की बीजांडकोश फुगतात आणि त्यांना पीळ पडण्याचा धोका असतो. त्या काळात पीळ देणारी आसने, उलटी आसने, नमस्कार, उड्या आणि कपालभाती पूर्ण बंद ठेवाव्यात. हलके चालणे, श्वास, आधाराची विश्रांती आणि योगनिद्रा चालू ठेवावी. पोटात एका बाजूला अचानक तीव्र कळ येऊन उलट्या होऊ लागल्या तर लगेच रुग्णालय गाठावे. स्त्रीबीज काढल्यानंतर काही दिवस, पोट फुगणे कमी होईपर्यंत हाच नियम पाळावा. गर्भ गर्भाशयात सोडल्यानंतर दिवसेंदिवस अंथरुणावर पडून राहिल्याने यश वाढत नाही. घरातली हलकी कामे करता येतात. कोल्हापूरहून किंवा मुंबईहून घाटवळणांनी परतायचे असेल तर प्रवासाबद्दल आपल्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे आणि पुढच्या दोन आठवड्यांच्या वाट पाहण्यात रोज दोनदा योगनिद्रा करावी. २०२१ च्या कायद्यानुसार हे उपचार स्त्रीला २१ ते ५० आणि पुरुषाला २१ ते ५५ या वयातच घेता येतात, हेही ध्यानात असावे.

चाचणी होकारार्थी आली की अभ्यास बदलतो. डॉक्टरांना भेटेपर्यंत आसने थांबवून केवळ सहज श्वसन, न रोखता अनुलोम-विलोम आणि डाव्या कुशीवरील विश्रांती ठेवावी. पहिले बारा आठवडे नवे काही शिकू नये. पोटाच्या एका बाजूला दुखणे, खांद्यात कळ, चक्कर किंवा रक्तस्राव यांपैकी काही झाले, तर गर्भ नलिकेत राहिला असण्याची शक्यता असते. आपल्या गावांतून रुग्णालये दूर असतात आणि रात्री वाहन लवकर मिळत नाही, म्हणून कोणाची गाडी बोलवायची आणि सोनोग्राफीची सोय असलेले सर्वांत जवळचे रुग्णालय कोणते, हे चाचणी हाती आलेल्या दिवशीच ठरवून फोनजवळ लिहून ठेवावे.